नाव टेस्कोचं, परवाना बार्कलेजचा: एका बचत खात्याच्या निवडीचं प्रकरण

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न नेहमी निघतो: आठवड्याचा किराणा टेस्को या सुपरमार्केटमधून येतो, त्यांचं क्लबकार्ड हे खरेदीवर गुण देणारं कार्ड आहेच, टेस्को बँकेचा व्याजदरही बरा दिसतो, मग पैसे तिथेच ठेवायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. फक्त ‘तिथे’ म्हणजे नक्की कुठे, हे आधी पाहावं लागतं. खालचं कुटुंब प्रातिनिधिक आहे आणि त्याचे आकडे व व्याजदर उदाहरणादाखल धरले आहेत. नियम, तारखा आणि संस्था मात्र खऱ्या आहेत.

परिस्थिती

रेडिंगमधलं जोडपं, दोघंही पस्तिशीच्या पुढचे, २०१९ पासून इंग्लंडमध्ये. तो आयटीत, करपात्र पगार ६२,००० पौंड. ती शाळेत अर्धवेळ, पगार १६,००० पौंड. दीड-एक वर्षात घर घ्यायचं आहे, त्यामुळे पैसे शेअर बाजारात घालायचे नाहीत.

शिल्लक १,३८,००० पौंड आहे आणि सगळी त्याच्याच नावावर. त्यातले ६४,००० बार्कलेजच्या साध्या बचत खात्यात १.२ टक्क्यांवर पडून आहेत. उरलेल्या ७४,००० ची दुसऱ्या एका बँकेतली मुदत ठेव २० मार्चला पूर्ण होते. त्याचा बेत सरळ होता: हे ७४,००० टेस्को बँकेच्या ४.२ टक्के देणाऱ्या, कधीही पैसे काढता येणाऱ्या खात्यात टाकायचे. ‘निम्मे बार्कलेजमध्ये, निम्मे टेस्कोत, म्हणजे जोखीमही वाटली गेली’ असा त्यामागचा हिशेब.

या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक परवान्याची, दुसरी कराची.

पैसे नक्की कोणाकडे जातात

सुपरमार्केटची बँक स्वतःच्या पायावर उभी आहे असं पाटी बघून वाटतं, पण या बँका जन्मापासून कोणाच्या तरी जोडीने चालल्या. सेन्सबरीज बँक फेब्रुवारी १९९७ मध्ये बँक ऑफ स्कॉटलंडच्या भागीदारीत निघाली. टेस्कोने त्याच वर्षी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला सोबत घेतलं आणि २००८ मध्ये ९५ कोटी पौंडांना टेस्को बँकेतला तिचा निम्मा हिस्सा विकत घेतला. मार्क्स अँड स्पेन्सरने आपला वित्त व्यवसाय २००४ मध्येच एचएसबीसीला विकला होता. एम अँड एस बँक ही पाटी त्यानंतर, २०१२ मध्ये लागली.

मधली काही वर्षं टेस्को खरंच बँक चालवत होती. २०१४ मध्ये तिने चालू खातं काढलं आणि त्यात ३,००० पौंडांपर्यंत ३ टक्के व्याज व वर क्लबकार्डचे गुण दिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच खात्यांवर सायबर हल्ला होऊन चोरट्यांनी २२.६ लाख पौंड लांबवले आणि २०१८ मध्ये नियामकाने, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, बँकेला १ कोटी ६४ लाख पौंडांचा दंड केला. गृहकर्जांचा व्यवसाय २०१९ मध्ये विकला गेला, चालू खाती नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस बंद झाली. दुकानाच्या मालकाला बँक ही महागात पडणारी गोष्ट आहे. कर्जं द्यायची तर त्यामागे भांडवल अडकवून ठेवावं लागतं, आणि तेच भांडवल दुकानांतही लागतं.

१ नोव्हेंबर २०२४ पासून टेस्को बँकेची बचत खाती, क्रेडिट कार्डं आणि वैयक्तिक कर्जं बार्कलेजकडे गेली. टेस्कोने विमा, एटीएम, परकीय चलन अशा सेवा स्वतःकडे ठेवल्या. नाव वापरण्याचा करार १० वर्षांचा आहे, म्हणून ग्राहकाला पाटी तीच दिसते. मे २०२५ मध्ये सेन्सबरीज बँकेच्या ठेवी, कार्डं आणि कर्जं नॅटवेस्टकडे गेली. अॅस्डा मनीकडे तर बँकेचा परवानाच नाही. तिथे मिळणारी प्रत्येक सेवा कुठल्या ना कुठल्या भागीदाराची असते.

म्हणून आपल्या या गृहस्थाचे ६४,००० आणि ७४,००० दोन बँकांत गेले नसते. दोन्ही रकमा बार्कलेज बँक यूके पीएलसी या एकाच कंपनीकडे पोहोचल्या असत्या.

त्याने काय बिघडतं

ब्रिटनमध्ये बँक बुडाली तर फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीम, बोलण्यात एफएससीएस, ठेव परत देते. साधारण सात दिवसांत, अर्ज न करता. मर्यादा १ डिसेंबर २०२५ पासून दर माणशी १,२०,००० पौंड आहे, त्याआधी ८५,००० होती. ही मर्यादा पाटीमागे नसून परवान्यामागे आहे. एका परवान्याखाली चार नावं चालत असतील, तर चारही खात्यांची बेरीज करून मर्यादा लावली जाते. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड असेच एका परवान्याखाली आहेत. एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्टही.

१,३८,००० मधून १,२०,००० गेले की १८,००० उघड्यावर. जुन्या मर्यादेत हाच आकडा ५३,००० झाला असता. बार्कलेजसारखी बँक बुडण्याची शक्यता फार कमी आहे, हे मान्य. पण १८,००० पौंड सुरक्षित करायला एक पैही लागत नाही आणि अर्ध्या तासाचं काम आहे, तेव्हा ते न करण्याला कारण उरत नाही. पीएमसी बँकेवर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे हजारच रुपये काढता येत होते आणि ठेव विमा होता फक्त एक लाखाचा. मुंबई-ठाण्यात ज्यांच्या घरी ते दिवस पाहिलेत, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. भारतातली मर्यादा पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली.

परवाना तपासायची रीत अशी. बँकेच्या संकेतस्थळावर पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचं पूर्ण नाव आणि सहा आकडी नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक नियामकाच्या फायनान्शियल सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये टाकला की ती कंपनी कोणकोणत्या व्यापारी नावांनी काम करते याची यादी उघडते. बार्कलेज बँक यूके पीएलसीचा क्रमांक ७५९६७६ आहे. दोन खात्यांच्या तळाशी एकच क्रमांक दिसला, तर ती दोन खाती एफएससीएसच्या लेखी एक आहेत. रक्कम मर्यादेच्या जवळ असेल तर वर्षभराच्या व्याजालाही जागा ठेवावी, कारण साठलेलं व्याज त्याच मर्यादेत मोजलं जातं.

संयुक्त खात्यात रक्कम निम्मी-निम्मी धरतात, म्हणजे दोघांची मिळून २,४०,००० पर्यंत सोय होते. राहतं घर विकून मोठी रक्कम आली असेल तर सहा महिन्यांपर्यंत जास्तीचं, १४ लाख पौंडांपर्यंत, संरक्षण मिळतं.

एक धोका मात्र याहून वेगळ्या जातीचा आहे. दुकानांत नाताळसाठी पैसे साठवण्याची कार्डं आणि योजना असतात. ती ठेव नव्हे, त्यामुळे तिला एफएससीएस लागू नाही. २००६ मध्ये फेअरपॅक ही नाताळ-बचतीची कंपनी बुडाली तेव्हा लाखाहून जास्त कुटुंबांचे पैसे अडकले. दुकानाच्या नावाखाली बँक खातं आणि दुकानाचं कार्ड या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, म्हणून हे सांगायचं.

व्याजदर उलगडून पाहणं

४.२ टक्के हा आकडा एकसंध नाही. अशा खात्यांत मूळ बदलता दर आणि पहिल्या १२ महिन्यांचा बोनस यांची बेरीज करून जाहिरातीत मोठा आकडा दाखवतात. आपण मूळ दर २.४ आणि बोनस १.८ धरू. ६०,००० पौंडांवर पहिल्या वर्षी २,५२० पौंड व्याज मिळेल. तेराव्या महिन्यापासून, मूळ दर तसाच राहिला तरी, वर्षाचे १,४४०. म्हणजे महिन्याला ९० पौंडांचा फरक, आणि तो पडला हे सांगणारी ईमेल जाहिरातींच्या गर्दीत हरवते. बोनस वाईट नाही. खातं उघडतानाच अकराव्या महिन्याच्या अखेरीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवावी आणि त्या दिवशी पैसे हलवावेत. हे ज्याच्याने होणार नाही, त्याने बोनस नसलेलं, चार-दोन दशांश कमी देणारं खातं घ्यावं. त्याला तेच जास्त देईल.

बाकी तीन गोष्टी अटींच्या पानावर शोधायच्या: वर्षाला किती वेळा पैसे काढले की दर उतरतो, किमान शिल्लक किती, आणि कुठल्या रकमेनंतर दर बदलतो. क्लबकार्डचे गुण इथे मोजायचे कारण नाही. गुण खर्चावर मिळतात, ते क्रेडिट कार्डाचं आकर्षण आहे. बचतीच्या हिशेबात दुकानाची निष्ठा शून्य धरावी.

कर: खरा पैसा इथे आहे

त्याचा पगार ४० टक्क्यांच्या करपट्ट्यात जातो, म्हणून त्याला वर्षाला फक्त ५०० पौंड व्याज करमुक्त. मूळ बेतात ७४,००० वर ३,१०८ आणि ६४,००० वर ७६८ मिळून ३,८७६ पौंड व्याज आलं असतं. त्यातले ३,३७६ करपात्र, कर सुमारे १,३५०. हातात उरले २,५२६.

तिची गोष्ट वेगळी. मूळ, म्हणजे २० टक्क्यांच्या, करपट्ट्यात असल्यामुळे तिला १,००० पौंड व्याज करमुक्त आहे. शिवाय कमी पगारवाल्यांसाठी ५,००० पौंडांपर्यंत व्याजाला शून्य दर असतो. पगार १२,५७० च्या, म्हणजे करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेच्या, वर जितका जाईल तितकी ही सवलत घटते. १६,००० वजा १२,५७० म्हणजे ३,४३०. ५,००० मधून ते गेले की १,५७० उरतात. त्यात १,००० मिळवले तर तिला २,५७० पौंडांपर्यंत व्याजावर कर नाही. ६०,००० पौंडांचं २,५२० व्याज त्यात जेमतेम पण पूर्ण बसतं. तेच खातं त्याच्या नावावर असेल तर एवढ्याच व्याजावर ८०८ पौंड कर. नवरा-बायकोत पैसे देण्यावर कर नाही. मात्र ते खरोखर तिचे झाले पाहिजेत, ‘नावापुरते’ नव्हे.

इथपर्यंत हिशेब सुबक जमला होता. मग तिच्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या भारतातल्या, मुदत ठेवीचा विषय निघाला. वर्षाला पौंडांत सुमारे १,००० व्याज. भारतात एनआरई व्याज करमुक्त आहे, त्यामुळे ते कुठेच मोजायचं नसतं असा समज पक्का बसलेला असतो. ब्रिटनचा रहिवासी जगभरच्या व्याजावर ब्रिटनमध्ये कर देतो. एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांना परदेशी उत्पन्नावर पहिली चार वर्षं सूट आहे, पण २०१९ ला आलेल्यांची ती मुदत सरली आहे. भारतात कर भरलेलाच नाही, त्यामुळे दुहेरी कर करारातून वजावटही मिळत नाही. इथल्या बँका आपलं व्याज एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, परस्पर कळवतात. एनआरईचं मात्र स्वतः कळवावं लागतं, आणि दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना देतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. आता तिचं व्याज ३,५२० झालं, मर्यादेच्या ९५० वर, कर १९० पौंड.

उपाय आयसामध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यामध्ये, होता. रोख आयसात दर आर्थिक वर्षाला दर माणशी २०,००० पौंड टाकता येतात आणि त्यावरचं व्याज करमुक्त. आर्थिक वर्ष ५ एप्रिलला संपतं. ठेव २० मार्चला सुटत होती, म्हणजे पंधरवड्याच्या अंतराने दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येत होत्या. ज्याची ठेव मार्चमध्ये सुटते त्याने ही संधी घालवू नये. एप्रिल २०२७ पासून ६५ च्या आतल्यांना रोख आयसात वर्षाला १२,००० च टाकता येतील आणि व्याजावरचे करदरही दोन टक्क्यांनी वाढून २२, ४२ आणि ४७ होतील.

शेवटची वाटणी अशी झाली. दोघांच्या आयसात प्रत्येकी ४०,०००: निम्मे ५ एप्रिलच्या आत, निम्मे ६ एप्रिलनंतर. तिच्या नावावर टेस्को बँकेत ४६,०००. त्याच्या बार्कलेजमध्ये अडीअडचणीला १२,०००. आयसाचा दर ४ टक्के धरला तर त्यातून ३,२००, टेस्कोतून १,९३२, बार्कलेजमधून १४४. एकूण ५,२७६ पौंड. एनआरई धरून तिचा कर सुमारे ७२, त्याचा शून्य. हातात ५,२०४, म्हणजे मूळ बेताच्या दुपटीहून जास्त. बार्कलेजच्या परवान्याखाली आता त्याचे १२,००० आणि तिचे ४६,००० आहेत. तिने आयसाही टेस्को बँकेतच काढला तरी तिची बेरीज ८६,००० होते. उरलेला ७२ पौंडांचा कर वाचवायला आणखी खाती उघडण्यात अर्थ नाही.

लाइफटाइम आयसा पहिलं घर घेणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला वर्षाला ४,००० वर १,००० पौंड सरकारी भर देतो. पण ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. त्याचा पिंपळे सौदागरमध्ये वडिलांसोबत संयुक्त फ्लॅट आहे, तिच्या नावावर माहेरच्या घराचा वारसाहक्काने आलेला हिस्सा आहे. दोघंही बाद. हे न तपासता पैसे टाकले तर बाहेर काढताना २५ टक्के कापून मिळतात, म्हणजे भर तर जातेच, मुद्दलातलंही थोडं जातं.

खातं उघडताना कुठे अडतं

अर्ज ऑनलाइन, पंधरा-वीस मिनिटांचा. मागच्या तीन वर्षांचे पत्ते, आयसासाठी नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, कर कुठल्या देशात भरता याची घोषणा आणि स्वतःच्या नावाचं चालू खातं एवढं लागतं. टेस्कोच्या दुकानात गल्ल्यावर या खात्यात पैसे भरता येत नाहीत. पैसे जोडलेल्या चालू खात्यातून येतात आणि त्यातच परत जातात.

मराठी अर्जदाराचं हमखास अडतं ते नावाशी. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. चालू खातं उघडताना कोणी ते गाळलेलं असतं, मतदार यादीत तिसराच प्रकार. बँक ओळख तपासते ती पतसंदर्भ संस्थांच्या, म्हणजे लोकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या, नोंदींवरून. नाव किंवा पत्ता जुळला नाही की अर्ज ‘कागदपत्रं पाठवा’वर जाऊन थांबतो, आणि मार्चअखेरीला हा एक आठवडा आयसाची मर्यादा बुडवू शकतो. म्हणून अर्ज करताना चालू खात्यावर नाव जसं आहे तसंच, त्याच क्रमाने लिहावं, आणि फ्लॅट क्रमांक बँक स्टेटमेंटवर आहे तसा ठेवावा. पैसे पाठवतानाची नाव-पडताळणीही याच कारणाने ‘नाव पूर्ण जुळत नाही’ असं दाखवते. तेव्हा घाईने पुढे न जाता सॉर्ट कोडचे (बँक-शाखेच्या क्रमांकाचे) सहा आणि खात्याचे आठ आकडे पुन्हा पाहावेत, आधी एक पौंड पाठवावा, तो दिसला की उरलेली रक्कम पाठवावी.

जुन्या आयसातले पैसे नव्यात न्यायचे असतील तर ते कधीही स्वतः काढू नयेत. काढले की करमुक्ती गेली. नव्या बँकेचा हस्तांतर अर्ज भरावा. रोख आयसा ते रोख आयसा हे काम १५ कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवं.

चालू खातं बदलायचं असेल तर बंद करण्याआधी बचत खात्याशी नवं खातं जोडून घ्यावं. जोडलेलं खातं बंद पडलं की पैसे सुरक्षित असतात पण बाहेर पडायला वाट नसते, आणि ती वाट फोनवरच्या ओळख-तपासणीतून मिळायला दिवस लागतात.

पुण्याला परतायचा विचार असणाऱ्यांसाठी आणखी एक. ब्रिटनचं रहिवासीपण संपलं की आयसात नवे पैसे टाकता येत नाहीत, असलेले राहू देता येतात. बरीच बचत खाती फक्त रहिवाशांसाठी असतात, तेव्हा जाण्याआधी अटी वाचाव्यात, आणि लांब मुदतीची ठेव त्या वर्षी करूच नये.

घर ठरल्यावर

करार पक्का होताना सहसा किमतीच्या दहा टक्के सॉलिसिटरकडे, म्हणजे खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाकडे, द्यावे लागतात. बचत खात्यातून ते थेट जात नाहीत. आधी चालू खात्यात आणायचे, तिथून पाठवायचे, आणि दोन्ही टप्प्यांवर बँकांच्या रोजच्या मर्यादा आड येऊ शकतात. निदान चार कामकाजाचे दिवस आधी सुरुवात करावी. सॉलिसिटर पैशाचा उगम विचारतो आणि सहसा सहा महिन्यांची स्टेटमेंट मागतो. या प्रकरणात रक्कम काही त्याच्याच नावावर, काही त्याच्याकडून तिच्याकडे अशी चार खात्यांत गेलेली असल्यामुळे मागच्या मुदत ठेवीच्या पावतीपासूनची साखळी दाखवावी लागेल. ती स्टेटमेंट खाती चालू असतानाच पीडीएफमध्ये उतरवून ठेवावीत. खातं बंद झालं की त्याचं ॲपही बंद होतं, आणि मग तोच कागद टपालाने मागवून घ्यावा लागतो.